भूभूचा घास

"हा घास काऊचा."

जाईनं तोंड उघडलं.

"हा चिऊचा."

पुन्हा उघडलं. मग तिनं ओठ घट्ट मिटले आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहायला लागली. तिचे डोळे एका जागी स्थिर झाले. काय आहे ते मला वळून न पाहताही माहीत होतं. तरी मी वळले.

जाळीपलीकडे तो बसला होता. खैरनारकाकांचा बंड्या.

आमचं रो-हाउस नाशिकच्या पार कडेला, द्राक्षबागा सुरू व्हायच्या आधीचं. दोन घरांच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर तारेची जाळी. बंड्या भिंतीपाशी असलेल्या जुन्या ओट्यावर चढून बसायचा, म्हणजे त्याचं तोंड बरोबर जाळीला लागायचं. पिटबुल. रुंद, दगडी डोकं, अंगावर वाघासारखे मंद पट्टे. तो येताना आवाज व्हायचा नाही. नखांचा नाही, श्वासाचा नाही. आधी जागा रिकामी असायची आणि मग तिथं तो असायचा.

जाई तेव्हा अडीच वर्षांची होती आणि घरात एक घास खायची नाही. परसात, पेरूच्या सावलीत बसवलं की खायची. तिचं लक्ष जेवणाकडे यावं म्हणून मी चमचा स्टीलच्या वाटीवर वाजवायची. टक टक वाजलं की ती तोंड उघडायची. आणि टक टक वाजलं की तो यायचा.

"भूभू," जाई म्हणाली. "भूभूचा घास."

हा घास तिनंच वाढवला होता. मी कधी आपणहून म्हटलं नव्हतं. पण तो म्हटल्याशिवाय ती पुढे खायची नाही. मी आवाज खाली नेला, जणू त्याला ऐकू जाऊ नये.

"हा... भूभूचा."

जाईनं घास खाल्ला. जाळीपलीकडे त्यानं आवंढा गिळला.

"बंड्या! चल, शहाण्या, आत." काका पंच्याला हात पुसत बाहेर आले. "घाबरू नका हो, जाईची आई. आल्यापासून एकदाही भुंकला नाही तो कुणावर."

"भुंकला असता तर बरं वाटलं असतं मला, काका."

काका मनापासून हसले. "बरं, शिकवतो त्याला भुंकायला. मला तरी कुठं येतं म्हणा."

खैरनारकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून एकटेच. मुलानं पुण्यात हौसेनं पिल्लू घेतलं, तिथल्या फ्लॅटवाल्यांनी ठेवू दिलं नाही, म्हणून एका सुट्टीत आणून बापाकडे सोडलं आणि सुट्टी संपल्यावर एकटाच परत गेला. काका त्याच्याशी दिवसभर बोलायचे. भाजी काय करू, गॅस बंद केला का, आज उकडतंय किती. तो ऐकत बसायचा. आणि माझी वाटी वाजली की उठायचा.

त्या वर्षी पेपरात, टीव्हीवर, मोबाइलवर तोच विषय. असल्या जातींवर सरसकट बंदी घालावी, की नियम करून पाळू द्यावं? मी सगळं वाचायची. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलेली बाई मी. पुरावा काय आणि ऐकीव काय हे मला कळायला हवं होतं. मी दोन्ही बाजू नीट वाचायची. लक्षात मात्र एकच राहायची.

कॉलनीची सभा मीच मागितली.

ती कॉलनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरली. आहेर मॅडम आमच्या अध्यक्ष. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण शाळा सुटली हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

"जाईच्या आईंचा विषय आहे," त्या म्हणाल्या. "मुद्द्याचं बोला. हात वर करून बोला."

"मला नियम नकोत, बंदी हवी," मी म्हणाले. "ही जात धरली की सोडत नाही. बाकीची कुत्री चावतात आणि पळतात. हे कुत्रं तसं नाही. लहान मुलांच्या कॉलनीत ते असताच कामा नये."

"वहिनी, मला चावला तो देसायांचा पॉमेरियन," गांगुर्डे मागून म्हणाले. "एवढासा. त्याची जात कुठल्या यादीत घालायची?"

"तो चावला नाही, गांगुर्डे," कुणीतरी म्हणालं, "त्यानं तुमच्या हातातली चकली तपासली."

सगळे हसले. मॅडमनी टेबलावर पेन आपटलं.

काका उठले. हाफ शर्ट, छातीच्या खिशाला चष्म्याचं घर. "हे बघा, जात वाईट नसते. साखळी ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. बंड्याची हमी माझी. आजवर त्यानं कुणाला दात लावला असेल तर सांगा."

"पहिल्यांदा लावेल तेव्हा सांगायला कोण उरणार, काका?" माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा चढला. "मूठभर पोर आहे माझी."

काका माझ्याकडे पाहत राहिले. राग नव्हता त्या बघण्यात. ते काहीतरी मनाशी लिहून घेत असल्यासारखे दिसले.

"लागू देणार नाही," ते म्हणाले आणि खाली बसले.

ठराव झाला. बंड्या अंगणात असो की रस्त्यावर, तोंडाला मुसकं. जाळी काढून तिथं डोक्याच्या वर भिंत. महिन्यानं पुन्हा सभा. एक जरी तक्रार आली तरी कुत्रं कॉलनीबाहेर. "एकदम बंदी नको आणि मोकाटही नको," मॅडम म्हणाल्या. "शिस्त लावून बघू."

घरी येताना माझा नवरा शार्दूल म्हणाला, "जिंकलीस की."

"अर्धी," मी म्हणाले.

गवंडी आले, भिंत उभी राहिली. तेवढे दिवस मी जाईला पुढच्या दारात भरवलं. आमच्या परसाचा उतार काकांच्या बाजूला, सांडपाणी त्यांच्याकडून गटारीला जायचं. म्हणून गवंड्यानं तळाशी विटेएवढं भोक ठेवलं. मी त्याला विचारलं, "एवढं मोठं कशाला?" तो म्हणाला, "पावसाळ्यात कळंल, ताई."

भिंत झाली की मन निवांत होईल असं मला वाटलं होतं. त्या पहिल्या दुपारी मी पाट मांडला, जाईला बसवलं, वाटी वाजवली. टक टक. सिमेंटचा ओला वास. पलीकडे काहीच नाही.

"हा घास काऊचा."

जाई भिंतीकडे पाहत होती. "भूभू."

"भूभू आत गेला. तू खा."

"भूभू! ये! भूऽभू!"

ती हाका मारत राहिली. मग रडायला लागली, मग उचकी लागली, तोंडातला भात गालावरून खाली आला. मी तिला उचलणार, एवढ्यात भिंतीच्या त्या बाजूला साखळी वाजली.

खळ्ळ.

आणि त्यामागून श्वास. नाकातून ओढलेला, जड, थोडा शिट्टीसारखा. मुसक्यातून असाच येत असणार, मी मनाशी म्हटलं. जाई गप्प झाली. डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून तिनं तोंड उघडलं.

त्या दिवसापासून तो रोज यायचा. दिसायचा मात्र नाही. दिसत होता तेव्हा निदान कुठं बघतोय ते कळायचं. आता फक्त साखळी, आणि भिंतीच्या पोटातून आल्यासारखा तो श्वास. जाई जेवण झालं की भिंतीवर तळहात टेकवून चालायची, पेरूपासून नळापर्यंत. पलीकडे साखळी तिच्याबरोबर घासत जायची. ती थांबली की साखळी थांबायची. ती माघारी फिरली की साखळी माघारी फिरायची.

शार्दूलला तिच्याजवळ बसवून एकदा मी गच्चीवर गेले. काकांनी उन्हासाठी परसावर हिरवी शेडनेट ताणली होती. खालचं धड काही दिसत नव्हतं. फक्त भिंतीच्या कडेनं काळसर, वाकलेलं काहीतरी सरकत होतं. अलीकडे माझी मुलगी, पिवळा फ्रॉक, हात भिंतीवर. पलीकडे ते. मध्ये फक्त विटांची जाडी. दोघंही एकाच वेळी वळले.

मी खाली येऊन जाईला भिंतीपासून उचललं.

"अगं, बांधलेला आहे, भिंत आहे, मुसकं आहे," शार्दूल म्हणाला. "अजून काय करायचं त्या जनावरानं?"

"तो तिच्या मागे मागे चालतो."

"मग? माझ्या मागे मागे तू चालतेस. मी तक्रार केली का?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

कॉलनी मात्र खूश होती. बंड्या रस्त्यावर दिसत नाही, कुणाच्या अंगावर जात नाही. "बंड्यानं संन्यास घेतला," गांगुर्डे म्हणायचे. आहेर मॅडम मला दुकानाशी भेटल्या. "बघितलंस ना? नियम केला की झालं. बंदी हा आळशी माणसाचा उपाय." आणि मग सहज म्हणाल्या, "आमचा तेजस रॉटवायलरचं पिल्लू आणतोय. तेच नियम लावू. आता आपल्याकडे पद्धत बसलीय."

आहेरांचं घर आमच्याच ओळीत, दोन फाटकं सोडून.

त्याच संध्याकाळी काका त्यांच्या फाटकात उभे होते. एप्रिल भाजत होता आणि त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटाची बटणं लावून. डावा हात पोटाशी धरलेला.

"फिरायला नेत नाही का हल्ली त्याला?" मी विचारलं.

"नेतो ना. तुम्ही सगळे आत असता तेव्हा नेतो." त्यांची नजर माझ्या कडेवरच्या जाईवर होती. "जेवते ना नीट?"

"जेवते."

"जेवलं पाहिजे." ते आत वळले, आणि वळता वळता म्हणाले, "काल वरणात मीठ जरा कमी पडलं होतं."

दार लागलं.

मी फाटकाशी उभीच राहिले. काल वरणात मीठ खरंच कमी पडलं होतं. जेवताना शार्दूल तसं म्हणाला होता. पण तो घरात, टेबलावर, खिडक्या बंद असताना म्हणाला होता. घरी जाऊन मी सगळ्या खिडक्यांच्या कड्या तपासल्या. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा पेला आणायला आत गेले आणि परत आले तर जाई भिंतीपाशी ओणवी होती. शेवटचा घास तिनं त्या विटेएवढ्या भोकात ठेवला होता आणि बोटांनी आत ढकलत होती.

"जाई!"

मी तिला मागे ओढलं. हात पाहिला, बोटं पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. पाचही होती, पाचही भातानं माखलेली. भोकात डोकावले तर घास नव्हता. एक शीतही नव्हतं. ओल्या सिमेंटवर पुसल्यासारखी स्वच्छ जागा.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लखकन आलं. मुसकं बांधलेलं कुत्रं खाणार कसं?

म्हणजे मुसकं नव्हतंच. भिंतीआड कुणाला दिसत नाही म्हणून काका त्याला मोकळ्या तोंडानं ठेवत होते. हमी देणारे काका. आणि माझी मुलगी रोज त्या तोंडापाशी बोटं नेत होती.

"भोक बुजवून टाकतो रविवारी," शार्दूल म्हणाला.

"रविवारी सभा आहे. आधी मला पुरावा पाहिजे. नाहीतर म्हणतील, बाईला भास होतात."

दुसऱ्या दुपारी मी जाईला माझ्या मागे पेरूला टेकून बसवलं, तिच्या मांडीवर लाकडी बैल दिले. वाटी वाजवली. टक टक. वरणभाताचा घास कालवून मी स्वतः भोकाच्या तोंडाशी ठेवला. मग हात लांब करून मोबाइल जमिनीवर आडवा धरला, व्हिडिओ सुरू केला. डोकं भिंतीपासून जितकं दूर नेता येईल तितकं नेलं.

साखळी आली. खळ्ळ, खळ्ळ, घासत, सावकाश. थांबली. श्वास आला, इतका जवळ की भोकातून मला त्याची ऊब लागल्यासारखी वाटली. मोबाइलच्या पडद्यावर नुसता काळोख होता, आणि त्यात पांढरा भाताचा ठिपका.

मग काळोख हलला.

मी जबड्याची वाट पाहत होते. बोटं आली.

माणसाची बोटं. सुरकुतलेली, नखं नीट कापलेली, अनामिकेत पातळ अंगठी. मनगटापर्यंत शर्टाची बाही, बटण लावलेलं. बोटांनी भात गोळा केला, एकही शीत मागे राहू न देता, आपण जेवताना करतो तसा. अंगठ्यानं दाबून घास केला. आणि हात मागे सरकत काळोखात गेला.

पलीकडे कुणीतरी चावायला लागलं.

"भूभू," माझ्या मागे जाई समाधानानं म्हणाली.

मी तिला कडेवर घेतलं आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. काकांच्या फाटकावर पाटी होती, कुत्र्यापासून सावध राहा. मी ते फाटक कधी ओलांडलं नव्हतं. तेव्हाही माझा हात कडीवर अडकला. इतकं पाहूनही अडकला. मग मी ते उघडलं आणि घराला वळसा घालून मागे गेले.

शेडनेटखालचा उजेड हिरवा, पाण्याखालचा असावा तसा. कुत्र्याचं घर रिकामं होतं. आतली चादर घडी करून ठेवलेली. खिळ्याला नवं कोरं चामडी मुसकं, त्याचा एक पट्टा तुटलेला. आणि भिंतीशी, जमिनीवर, काका उकिडवे बसले होते. मांडीवर साखळी. उजव्या हाताच्या बोटांना वरण.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"टाकवत नाही हो," ते म्हणाले. "अन्न आहे. टाकायचं कसं?"

"बंड्या कुठाय, काका?"

त्यांनी मांडीवरची साखळी गोळा केली.

"काका, बंड्या कुठाय?"

"ठराव झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हे आणलं." त्यांनी मुसक्याकडे मान हलवली. "बस म्हणालो, बसला. शहाणा तो. एक पट्टा लावला. दुसरा लावताना... भुंकला नाही. गुरगुरला पण नाही. हात धरला."

त्यांनी बाही वर केली नाही, नुसता दुसरा हात तिच्यावर ठेवला.

"तुम्ही म्हणाला होतात ना सभेत. धरलं की सोडत नाही. सोडेना. मी एवढा गडीमाणूस, त्याला खाऊपिऊ घालणारा, नावानं हाक मारतोय, आणि तो माझ्याकडेच बघतोय, ओळखीचं बघतोय, पण सोडत नाहीय. तेव्हा मला तुमची पोर दिसली. दुसरं काही नाही. ही दिसली."

जाई माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झुकत होती.

"मग त्यानं सोडलं आपोआप. गाडीचं दार उघडलं, नेहमीसारखा मागच्या सीटवर जाऊन बसला. डॉक्टर म्हणाले, काका, घाई करू नका, थोडे दिवस बघू. मी म्हटलं, मी हमी दिली होती. सुई देताना डोकं माझ्या मांडीवर होतं."

जाईनं साखळीकडे हात लांबवला.

"आणि ही साखळी?" मी विचारलं.

"भिंत झाली त्या दिवशी मी ती काढून ठेवत होतो. पलीकडे तुमची वाटी वाजली. पोरीनं हाका मारल्या. इतकी रडली हो ती. घास खाईना. माझ्या हातात साखळी होती, हलली. हलली की हलवली, मला नाही सांगता यायचं. पोरगी जेवली." त्यांनी बोटांचं वरण पंच्याला पुसलं. "मग दुसऱ्या दिवशी कसं नाही यायचं?"

आले होते तशी निघून जावं असं मला वाटत होतं. पण जे विचारायला हवं होतं ते मी विचारलं.

"तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"रविवारी बंदी घाला," काका म्हणाले. "तुम्ही तक्रार करा, सगळे हात वर करतील, मी म्हणेन ठीक आहे, नेतो त्याला गावाला. मतदानानं जाऊ दे. चावरा होता म्हणून गेला असं नको. त्याचं नाव तेवढं..." ते थांबले. "जाईची आई, तेवढं एक करा."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

रविवारी शेडमध्ये सगळे होते. मी घरात ठरवून निघाले होते की काकांचं ऐकायचं. तक्रार करायची, वास येतो म्हणायचं, जाई घाबरते म्हणायचं, काहीही. पण मॅडम आधीच उभ्या राहिल्या.

"महिन्यात एक तक्रार नाही. चावणं सोडा, दिसलासुद्धा नाही. याला म्हणतात नियमन. तेव्हा बंदीचा विषय मी कायमचा बंद करते. तेजस, इकडे ये."

तेजस पिल्लू घेऊन पुढे आला. काळं, गुबगुबीत, पोट भरलेलं, भुवयांवर तपकिरी ठिपके. मुलं धावली. माझ्या मांडीवरून जाई कधी उतरली ते मला कळलं नाही. मी पाहिलं तेव्हा ती पिल्लासमोर उभी होती आणि तिनं पाचही बोटं एकत्र करून, घास भरवावा तशी, त्याच्या तोंडात घातली होती.

"अगंबाई, किती गोड!" सगळ्या म्हणाल्या.

"जाईच्या आई," मॅडम म्हणाल्या, "तुमची काही हरकत?"

माझ्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ होता. मी उठले. काका समोरच्या खुर्चीत होते, पूर्ण बाह्या, हात पोटाशी. ते माझ्याकडे पाहत नव्हते. जाईच्या हाताकडे पाहत होते.

"काका," मी म्हणाले.

काकांनी मनगटाचं बटण काढलं. मग बाही वर घ्यायला लागले, एक घडी, आणखी एक घडी, पट्टी सोडत. पुढे बसलेल्या बायकांपैकी एकीनं तोंड फिरवलं. कोपरापासून मनगटापर्यंत हाताला हाताचा आकार नव्हता.

"कोण चावलं?" गांगुर्डे कुजबुजले. त्यांच्यातला विनोद कुठंतरी गेला होता.

"बंड्या," काका म्हणाले. "नियम पाळायला गेलो होतो, मॅडम. मुसकं बांधत होतो. त्या दिवशीच संपवला मी त्याला. तुम्ही महिनाभर ज्याच्या शिस्तीचं कौतुक करताय तो कुत्रा नाहीच आहे."

मग सगळे एकदम बोलायला लागले. अर्धे म्हणाले, बघा, म्हणून बंदीच हवी. अर्धे म्हणाले, बघा, मुसकं लादलं म्हणूनच चावला, तुमच्या त्या ठरावानंच चावला. त्या एका हाताकडे बोट दाखवून दोन्ही बाजू बोलत होत्या. मी जाईला ओढून घेतलं.

काका उठून तेजसपाशी गेले. पिल्लाच्या डोक्यावरून उजवा हात फिरवला. "छान आहे. याच्या तोंडात, कानात, पंजात हात घालत जा, रोज, आत्तापासून. मी कधी घातला नाही. नुसते लाड केले." आणि बाही तशीच वर ठेवून निघून गेले.

मतदान झालं. थोडक्या मतांनी बंदी आली. माझाही हात वर होता, आणि आज सभा झाली तरी तो वरच असेल. पिल्लू सिन्नरला तेजसच्या मावशीकडे गेलं. आहेर मॅडम माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

काकांना मुलगा येऊन पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसताना त्यांच्या पिशवीतून साखळीचं टोक लोंबत होतं, ते मी खिडकीतून पाहिलं. जाई जोरजोरात हात हलवत होती. काकांनी वर पाहिलं नाही. घराला कुलूप लागलं. फाटकावरची पाटी तशीच राहिली.

त्यानंतरच्या रविवारी शार्दूलनं घमेल्यात सिमेंट कालवलं. "भोक बुजवू?"

"राहू दे," मी म्हणाले. "पावसाचं पाणी जायला पाहिजे."

दुपारी मी पाट मांडला. काऊचा घास झाला, चिऊचा झाला. जाई थांबली आणि भिंतीकडे पाहायला लागली.

"तिथं कुणी नाही, बाळा. आजोबा गेले. भूभू पण गेला."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लहान होते. माझ्या हातातला चमचा घेतला आणि वाटीवर वाजवला. टक टक.

पेरूत एक साळुंकी ओरडत होती, ती गप्प झाली.

"हा भूभूचा," मी म्हणाले. आपणहून, मोठ्यानं, पहिल्यांदाच. जाईनं घास भोकाशी ठेवला. मग तिनं भिंतीवर हात टेकवला आणि चालायला लागली, पेरूपासून नळापर्यंत, सावकाश, कुणाच्या तरी पावलांशी पावलं जुळवत. नळापाशी थांबली. ऐकलं. माघारी वळली.

मी तिला उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी कपडे काढायला गेले तेव्हा भोक स्वच्छ होतं. एक शीतही नव्हतं.

"मुंगूस असेल," शार्दूल म्हणाला.

असेलही. आता जाई दुसरीत आहे, आम्ही दुसऱ्या गावी राहतो आणि ती आपल्या हातानं जेवते. पण त्या घरात होतो तोवर रोज दुपारी भूभूचा घास निघाला, आणि रोज संध्याकाळी ती जागा पुसल्यासारखी असायची. मी परत कधी वाकून पाहिलं नाही.